पहिलं सेमिस्टर : गाडी नेमकी कुठे घसरते?

पाटीपेन्सिल

लोकहो,

कॉलेजचं पहिलं सेमिस्टर जड जातं हे सगळेच म्हणतात. का, असं विचारलं की ‘अभ्यास अवघड असतो’ हे ठरलेलं उत्तर येतं. मला ते अर्धंच पटतं. शाळेत वही कुणी ना कुणी उघडून बघतं, चाचण्या सारख्या चालू असतात, चुकलं की आठवड्याभरात लाल शाई दिसते. कॉलेजात पहिले खरे मार्क हातात पडतात ते सहाव्या-आठव्या आठवड्यात. तोवर पंधरा-सोळा आठवड्यांचं सेमिस्टर निम्मं सरलेलं असतं. चुका दोन्हीकडे सारख्याच होतात, पण इथे चुकतंय हे कळायलाच दीड महिना जातो. माझ्या मते सगळी पडझड त्या दीड महिन्यात होते.

तर प्रश्न असा, की तो दीड महिना डोळे उघडे ठेवून कसा काढायचा? काय करायचं, किती वेळ, कुठे फसतं, असं नेमकं लिहा. ‘आमच्या वेळी’ने सुरू होणारे किस्से कृपया दुसऱ्या धाग्यावर. एखादा सल्ला एकाच शाखेपुरता असेल तर तसं सांगा.

उंटावरचा_शहाणा

किस्से नकोत म्हणजे निम्मे सभासद इथेच बाद. पहिल्या रांगेत रुमाल टाकून ठेवतो.

लॉगटेबल

आधी वेळेचा हिशेब मांडू, कारण ‘वेळच मिळत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा न मोजता केलेली असते.

आठवड्याचे तास १६८. रोज आठ तास झोप म्हणजे ५६ गेले. तास आणि प्रॅक्टिकल मिळून साधारण २४ धरा. उरले ८८. जेवणखाण, अंघोळ, कपडे, येणं-जाणं यांना रोजचे ४ म्हणजे २८. उरले ६०. वर्गातल्या प्रत्येक तासामागे घरी एक ते दोन तास, हे बऱ्याच ठिकाणी गृहीतच धरलेलं असतं. युरोपातल्या इसीटीएस या क्रेडिट मोजायच्या पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे वर्गातलं आणि वर्गाबाहेरचं मिळून २५ ते ३० तासांचं काम, आणि एका सेमिस्टरला ३० क्रेडिट. परीक्षेसकट वीस आठवडे धरून भागाकार केला तर आठवड्याला साधारण ३८ ते ४५ तास येतात, म्हणजे पूर्णवेळ नोकरीच. आपण स्वतःच्या अभ्यासाला ३० तास दिले तरी ३० शिल्लक राहतात.

घोळ होतो तो हे तास कुणी आखून देत नाही म्हणून. शाळेचं वेळापत्रक सलग असतं. कॉलेजात एक तास ९ ते १० ला, मग पुढचा थेट १२ ला. मधले दोन तास ‘काय करायचं’ यावर चर्चा करण्यात जातात. आठवड्यात अशी चार-पाच भगदाडं असतात. प्रत्येक भगदाडाला आधीच विषय आणि जागा ठरवून ठेवा : मंगळवार १० ते १२, लायब्ररी, गणिताचा असाइनमेंट संच. ‘अभ्यास’ एवढंच लिहिलेलं वेळापत्रक दोन दिवसही टिकत नाही.

निशाचर

लॉगटेबल, त्या ३० शिल्लक तासांतून रोजचे चार तास मोबाइलचे वजा करा. २८ गेले. दोन तासांत छंद, मैत्री आणि व्यक्तिमत्त्व विकास उरका.

आकडेमोड

हिशेब निघालाच आहे तर हजेरीचाही करून टाकू, कारण फटका बसेपर्यंत हा कुणी मांडत नाही.

समजा ७५ टक्के हजेरीची अट आहे. बहुतेक ठिकाणी ती विषयवार मोजतात, एकूण नाही. ४८ तासांच्या विषयात १२ तास चुकले तरी चालतात, पण १२ प्रॅक्टिकलच्या विषयात फक्त ३. एक आजारपण, एक घरचं कार्य, की संपलं. म्हणून बुडवायचंच असेल तर प्रॅक्टिकलला हात लावू नका.

कमी पडल्यावर सलग किती तास बसावं लागेल याचं सोपं सूत्र आहे : झालेल्या तासांची तिप्पट, वजा हजर तासांची चौपट. ६ पैकी ४ ला हजर असाल तर १८ वजा १६, म्हणजे पुढचे २ तास बसलात की ७५ टक्के. ३२ पैकी २० ला हजर असाल तर ९६ वजा ८०, म्हणजे सलग १६ तास, एकही न चुकवता. सेमिस्टरमध्ये १६ तास उरलेच नसतील तर पुढचं गणित करत बसू नका, अर्ज लिहायला घ्या. (सूत्र ७५ टक्क्यांचं आहे. ८० टक्क्यांची अट असेल तर चौपट वजा पाचपट.)

मागचा_बाक

हे सूत्र वर्गाच्या भिंतीवर रंगवायला हवं. बाकी कुठल्याही सूत्राचा इतका वापर होणार नाही.

खडूस

धागाकर्त्यांशी असहमत. मार्क उशिरा कळतात म्हणून मुलं पडतात, हे कारण गोड आहे पण खरं नाही. मुलं पडतात कारण पाया कच्चा असतो. बीजगणितात अपूर्णांक उलटसुलट करणाऱ्याला कॅल्क्युलस कितीही लवकर तपासून दिला तरी काय होणार? पहिल्या वर्षाच्या गणितात ज्या चुका होतात त्यांतल्या बऱ्याच नव्या भागातल्या नसतातच : कंसाबाहेरचं वजा चिन्ह, वर्गमुळातली बेरीज फोडणं, लॉगरिदमचे नियम, त्रिकोणमितीची सूत्रं. विद्यार्थ्याला वाटतं ‘इंटिग्रेशन जमत नाही’. जमत नसतो तो त्यातला चौथा टप्पा, जो आठवी ते दहावीतला असतो.

उपाय एकच. पहिल्या दोन आठवड्यांत, पोर्शन हलका असताना, शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांतली पंचवीस-तीस मिश्र गणितं उत्तरं न बघता सोडवायची. जिथे अडेल त्या प्रकाराची यादी करायची आणि तेवढंच दुरुस्त करायचं. अख्खं पुस्तक पुन्हा वाचायला बसलात तर मेलात.

पाटीपेन्सिल

खडूस, तुम्ही असहमत म्हणता आणि उपाय माझ्याच बाजूचा सांगता. दुसऱ्या आठवड्यातच स्वतःची परीक्षा घ्या, हेच तर हवंय.

खडूस

मी कधीच कुणाच्या बाजूचा नसतो.

वही_दोनशेपानी

नोट्सबद्दल थोडं.

शाळेत लिहून घ्यायचं, कॉलेजात ऐकून लिहायचं. शिक्षक फळ्यावर निष्कर्ष लिहितात आणि त्यामागचं कारण तोंडी सांगतात. नवखी मुलं फळा उतरवतात आणि ते तोंडी कारण हवेत जातं. परीक्षेत मात्र विचारतात ते कारणच. फळा मित्राच्या वहीतूनही मिळतो, म्हणून हात चालवा तो तोंडी भागावर.

पानाची मांडणी जुनीच आहे, कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांनी रूढ केलेली : डावीकडे अडीच इंचांची पट्टी, उजवीकडे सहा इंच, तळाशी दोन इंच. तासाला फक्त उजवीकडे लिहायचं. त्याच दिवशी संध्याकाळी दहा मिनिटं काढून डाव्या पट्टीत त्या मजकुराची उत्तरं यावीत असे प्रश्न लिहायचे. तळाशी दोन ओळींत सगळ्याचं सार. आठवड्याच्या शेवटी उजवी बाजू हाताने झाकायची आणि डावीकडचे प्रश्न सोडवायचे.

फसतं कुठे, तर संध्याकाळच्या दहा मिनिटांत. लोक नुसत्या रेघा आखतात, पट्टी कोरी ठेवतात आणि ‘पद्धत चालत नाही’ म्हणतात. आणि दहा मिनिटं म्हणजे दहाच. नोट्स ‘फेअर’ करायला बसू नका. चार रंगांची पेनं वापरून केलेली प्रत दिसते सुरेख, पण त्या वेळात हात काम करतो आणि डोकं झोपतं.

झेरॉक्स

लॅपटॉपवर घेतल्या तर?

वही_दोनशेपानी

२०१४ मध्ये म्युलर आणि ओपनहायमर यांचा एक गाजलेला अभ्यास आला होता. हाताने लिहिणाऱ्यांना संकल्पनांचे प्रश्न जास्त चांगले जमले, कारण टाइप करणारे शब्दशः उतरवत होते. पण २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तो पुन्हा करून पाहिला तेव्हा फरक तितका ठाम निघाला नाही. तेव्हा त्यावरून भांडण नको. माझा मुद्दा साधा आहे : आकृत्या आणि समीकरणं असतील तिथे कागद, भरपूर मजकूर असेल तिथे लॅपटॉप चालेल, मात्र इंटरनेट बंद करून.

निशाचर

इंटरनेट बंद केल्यावर लॅपटॉप म्हणजे महागडी पाटीच की.

सांगोवांगी

रोज उजळणी केलीच पाहिजे. एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाने सिद्ध केलंय की एका दिवसात ६६ टक्के विसरतं!

आकडेमोड

सांगोवांगी, आयडीला जागलात. एबिंगहाउसने १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग एकाच माणसावर होते, आणि तो माणूस तो स्वतः. पाठ केलेल्या गोष्टी होत्या निरर्थक अक्षरजोड्या. त्याने मोजली ती पुन्हा पाठ करताना होणारी वेळेची बचत. ती एका तासाने ४४ टक्के, एका दिवसाने ३४ टक्के आणि महिन्याभराने २१ टक्के होती. म्हणजे ‘६६ टक्के विसरलं’ असा थेट अर्थ निघत नाही. न्यूटनचा दुसरा नियम ही काही निरर्थक अक्षरं नाहीत (काहींना तसा वाटतो हे मान्य). अर्थ लागलेली गोष्ट इतक्या वेगाने गळत नाही. त्या आकड्यांच्या आलेखाचा आकार मात्र उपयोगाचा आहे : घसरण सुरुवातीला जोरात, मग हळू. म्हणून पहिली उजळणी लवकर, पुढच्या लांब लांब. त्याच दिवशी, मग तीन दिवसांनी, मग दहा दिवसांनी, एवढं पुरेसं आहे.

आणि उजळणी म्हणजे पुन्हा वाचणं नव्हे. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने घेतली तर उलट, ४२ विरुद्ध ५६. पाटीपेन्सिल म्हणतात तो प्रकार इथे स्वच्छ दिसतो. पुन्हा वाचलेलं त्या क्षणी ‘येतंय’ असं वाटतं आणि तीच फसवणूक असते.

पाटीपेन्सिल

हे फार कामाचं. म्हणजे उशीर फक्त कॉलेजच्या निकालाचा नाही, आपल्या आतला मापकही खोटं दाखवतो.

उंटावरचा_शहाणा

माझा मापक कायम ‘येतंय’वरच अडकलेला असतो. पेपर हातात आला की काटा खाली.

गणित_मास्तर

गणिताच्या सरावाबद्दल त्याच ओळीतलं. पुस्तकातले संच प्रकारवार असतात : या प्रकरणाची सगळी गणितं याच रीतीची. दहा सोडवली की हात बसतो आणि वाटतं, झालं. पण पेपरात कुठली रीत वापरायची हेच ओळखायचं असतं, आणि त्याचा सराव शून्य. रोहरर आणि टेलर यांनी २००७ मध्ये घनफळाची गणितं घेऊन हे तपासलं. सराव करताना एकाच प्रकारची सलग सोडवणाऱ्यांची ८९ टक्के बरोबर, सरमिसळ सोडवणाऱ्यांची ६०. आठवड्याने परीक्षा : सलगवाल्यांची २० टक्के, सरमिसळवाल्यांची ६३.

करायचं काय? नव्या प्रकाराची चार-पाच सलग सोडवा, तेवढी रीत बसायला लागतातच. त्यानंतर मागच्या तीन प्रकरणांतली प्रत्येकी दोन गणितं चिठ्ठ्यांवर लिहा, मिसळा आणि उचलून सोडवा. प्रत्येक गणिताला आधी एक ओळ : ‘कुठली रीत आणि का’. ती ओळ लिहिता आली नाही तर पेन पुढे ढकलू नका.

अडलं तर वीस मिनिटं झगडा, मग उत्तरातली फक्त पुढची एक पायरी बघा आणि पुन्हा झाका. सोडवलेलं उत्तर पूर्ण वाचून ‘समजलं’ म्हणणं हा पहिल्या सेमिस्टरचा सर्वांत महागडा छंद आहे.

झेरॉक्स

प्रॅक्टिकलला कुणी हात लावला नाही अजून. जर्नल कसं लिहायचं?

खडूस

तुमचा आयडी बघता उत्तर तुम्हालाच माहीत असावं.

मागचा_बाक

🤣

लंबक

प्रॅक्टिकलचं मी सांगतो. शाखा : विज्ञान आणि अभियांत्रिकी.

पहिल्या सेमिस्टरला बहुतेकांच्या वाट्याला साधा लंबक येतो. १ मीटर दोरी, एका आंदोलनाला साधारण २ सेकंद. स्टॉपवॉच दाबताना हाताकडून ०.२ सेकंदांची चूक होते असं धरा. एकच आंदोलन मोजलं तर आवर्तकालात १० टक्के चूक. ‘जी’ (गुरुत्वीय त्वरण) काढताना आवर्तकालाचा वर्ग येतो, म्हणून ती दुप्पट होऊन २० टक्के. २० आंदोलनं एकत्र मोजली तर ४० सेकंदांत तेच ०.२, म्हणजे अर्धा टक्का, आणि ‘जी’मध्ये एक टक्का. वीस का मोजायची, हा प्रश्न तोंडी परीक्षेत हमखास येतो आणि ‘मॅन्युअलमध्ये दिलंय’ हे हमखास उत्तर असतं.

इथे ठरलेल्या चुका दोन. मोजणी ‘एक’ म्हणून सुरू करतात, त्यामुळे वीसऐवजी एकोणीस आंदोलनं होतात. वॉच दाबताना ‘शून्य’ म्हणा. आणि लांबी दोरीची मोजतात. ती टांगलेल्या बिंदूपासून गोळ्याच्या केंद्रापर्यंत हवी, म्हणजे दोरी अधिक त्रिज्या.

जर्नलचं म्हणाल तर आकडे थेट वहीत, पेनने. चुकलं तर एक आडवी रेघ, वर नवा आकडा. खाडाखोड नाही, व्हाइटनर नाही. एकक तक्त्याच्या डोक्यावर, प्रत्येक आकड्यापुढे नको. आणि आलेख घरी नेऊ नका. वाचन घेता घेताच बिंदू टाकत जा. एखादा बिंदू रेषेपासून लांब पडला तर उपकरण समोर असताना ते वाचन पुन्हा घेता येतं. घरी गेल्यावर फक्त ‘सुधारता’ येतं, आणि अशी सुधारलेली वाचनं तपासणाऱ्याला लगेच ओळखू येतात : सगळी रेषेवर ओळीने उभी.

अर्धविराम

संगणकवाल्यांसाठी छोटीशी भर. कंपायलरने ४० चुका दाखवल्या तर घाबरू नका, फक्त पहिली दुरुस्त करा आणि पुन्हा चालवा. बऱ्याचदा उरलेल्या ३९ तिच्याच पोटी जन्मलेल्या असतात. चूक दाखवलेल्या ओळीत काही सापडलं नाही तर तिच्या वरची ओळ बघा, अर्धविराम (;) तिथला राहिलेला असतो.

पण खरी भीती चूक न दाखवणाऱ्या प्रोग्रामची. सी भाषेत सेल्सियसचं फॅरेनहाइट करताना ‘९/५ गुणिले सी अधिक ३२’ असं लिहिलं की १०० अंशांचं उत्तर २१२ ऐवजी १३२ येतं. दोन्ही पूर्णांक असल्यामुळे ९/५ चा १ होतो. कंपायलर गप्प, प्रोग्राम मजेत. म्हणून ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा एक आकडा नेहमी घालून बघा. पाटीपेन्सिल यांचा उशिराचा मुद्दा इथे पाच सेकंदांत मिटतो.

शब्दवेल्हाळ

कला आणि वाणिज्यवाल्यांना वाळीत टाकलंय का?

आमच्याकडे घात होतो तो वाचनाच्या ढिगाने. आठवड्याला शंभर-दीडशे पानं, आणि ती शाळेच्या पुस्तकासारखी पहिल्या ओळीपासून वाचत बसायची सवय. लेख हातात आला की आधी प्रस्तावनेचे दोन परिच्छेद आणि शेवटचा परिच्छेद वाचा, मग मधली उपशीर्षकं. लेखक काय म्हणतोय ते एका वाक्यात समासात लिहा. आता मधला भाग वाचताना एवढंच शोधायचं, की त्या वाक्याला आधार म्हणून काय दिलंय आणि ते पटतं का. दाखले सगळे लक्षात ठेवायचे नाहीत, दोन निवडायचे.

निबंध लिहिताना संदर्भ त्या त्या क्षणी पान क्रमांकासकट टिपा. शेवटच्या रात्री ‘हे वाक्य कुठल्या पानावरचं’ शोधण्यात जो वेळ जातो त्यात दुसरा निबंध होतो. आणि दुसऱ्याचं वाक्य टिपताना अवतरणचिन्ह लगेच घाला. तीन आठवड्यांनी वहीतलं वाक्य कुणाचं ते कळत नाही आणि चोरीचा ठपका येतो. हेतू कुणी विचारत नाही.

लॉगटेबल

शेवटच्या रात्रीवरून आठवलं. ब्यूहलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी १९९४ मध्ये प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवस लागतील? सरासरी अंदाज ३४ दिवस, प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. म्हणजे साधारण दीडपटीहून जास्त. आपल्या अंदाजाला सरळ दीडने गुणा. आणि सबमिशनची तारीख कॅलेंडरवर लिहिताना सोबत सुरुवातीचीही लिहा. ती कुणीच लिहीत नाही.

निशाचर

रात्र म्हणजे माझा प्रांत, म्हणून सांगतो. अठरा-वीसच्या वयात शरीराचं घड्याळ मुळातच उशिरा सरकलेलं असतं, त्यामुळे ‘लवकर निजे’ हा उपदेश अंगी लागत नाही. पण सकाळचा आठचा तास काही सरकत नाही. झोप ७ ते ९ तास हवीच. ती कमी करून पाठांतर वाढवणं म्हणजे भोकाच्या बादलीत पाणी ओतणं, कारण दिवसभर शिकलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेत होतं.

कॉफीचं गणित असं : कॅफीनचं प्रमाण निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, माणसागणिक कमीजास्त. रात्री नऊला घेतलेल्या कपातलं अर्धं कॅफीन पहाटे दोनला अंगात जागं असतं. शेवटचा कप दुपारी चारच्या आत. उठायची वेळ सुटीच्या दिवशीही एक तासापेक्षा जास्त हलवू नका, नाहीतर दर सोमवारी परदेशातून आल्यासारखं होतं.

मागचा_बाक

हा प्रतिसाद निशाचर यांनी पहाटे २:४७ ला टाकलाय याची नोंद घ्यावी.

निशाचर

उपदेश करणाऱ्याला तो पाळायची अट नसते.

सायली_ताई

अभ्यासाचं बरंच झालं. एकटेपणाबद्दल लिहिते, कारण त्यापायी अभ्यासही कोलमडतो.

पहिल्या महिन्यात सगळ्यांचे घोळके झालेत आणि आपणच बाहेर राहिलोय असं वाटतं. बहुतेकांना तसंच वाटत असतं. मैत्री गप्पांच्या कौशल्यावर कमी आणि पुन्हा पुन्हा समोर येण्यावर जास्त जमते. म्हणून वर्गात रोज साधारण त्याच जागी बसा. एकच असा उपक्रम धरा जो दर आठवड्याला ठरलेल्या वेळी भरतो, मग तो नाटकाचा असो की बुद्धिबळाचा. पाच मंडळांत नाव घालून एकाही ठिकाणी न जाणं ही पहिल्या सेमिस्टरची रीत आहे, ती मोडा. पहिल्या दोन वेळा कंटाळा येईल, चौथ्या वेळेपर्यंत थांबा.

घरी फोन ठरलेल्या वेळी करा, दर वेळी मन भरून आलं की नको. घरच्यांनाही सांगते : ‘जेवलास का’नंतर लगेच ‘मार्क किती’ नको.

खोलीतल्या जोडीदाराशी पहिल्याच आठवड्यात तीन गोष्टी बोलून घ्या : दिवे कधी बंद, पाहुणे कधी चालतील, एकमेकांच्या कुठल्या वस्तू न विचारता वापरायच्या नाहीत. भांडण झाल्यावर हेच बोलायला चौपट वेळ लागतो.

आणि झोप, भूक, उत्साह तिन्ही गेलेत आणि दोन आठवडे झाले तरी परत येत नाहीत, तर ते ‘घरची आठवण’ म्हणून सोडू नका. कॉलेजच्या समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरकडे जा. जीव नकोसा वाटत असेल तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा, दोन आठवडे मोजत बसू नका.

वही_दोनशेपानी

ताई, शेवटच्या परिच्छेदाला शंभर वेळा अनुमोदन.

झेरॉक्स

शिक्षकांना भेटायची भीती वाटते त्याचं काय करायचं? वर्गात शंका विचारली की सगळे वळून बघतात.

गणित_मास्तर

वर्गात नका विचारू, खोलीत जाऊन विचारा. मात्र ‘सर, हे प्रकरणच कळलं नाही’ या वाक्याला उत्तर नसतं. वही घेऊन जा. गणित, तुम्ही केलेल्या पायऱ्या आणि जिथे अडलंय तिथे एक खूण. ‘इथपर्यंत आलो, यापुढे चिन्ह वजा का आलं ते कळेना.’ असा प्रश्न पाच मिनिटांत सुटतो आणि समोरच्याला तुम्ही काम केलंय हे दिसतं. पहिली भेट दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच घ्या, प्रश्न किरकोळ असला तरी. परीक्षेच्या आदल्या दिवशी दाराबाहेर रांग असते.

ईमेल करणार असाल तर विषयाच्या ओळीत विषयाचं नाव, तुकडी आणि काम. आत नाव, हजेरी क्रमांक, एक प्रश्न. ‘हॅलो सर’ एवढाच निरोप पाठवून उत्तराची वाट बघू नये.

खडूस

फिरून मूळ प्रश्नावर येतो. चुकतंय हे लवकर कळायला हवं ना? मग भावना सोडा, खुणा मोजा. दर आठवड्याच्या शेवटी प्रत्येक विषयाला एक कोरा कागद, दहा मिनिटं, वही बंद. त्या आठवड्यात काय झालं ते लिहायचं. मग वही उघडून जे सुटलं ते लाल शाईने भरायचं. लाल जास्त दिसलं तर तो विषय पुढच्या आठवड्यात आधी. पाच विषय म्हणजे पन्नास मिनिटं. एखाद्या विषयाचा कागद सलग दोन आठवडे निम्म्याहून लाल असेल तर मार्कांची वाट बघायची गरज नाही, मास्तरांच्या दारात जा.

आणि मागच्या वर्षीचा पेपर चौथ्या आठवड्यात मिळवा, चौदाव्या नको. सोडवायला नव्हे, तर प्रश्न कसे येतात ते बघायला. व्याख्या विचारतात की सिद्धता, दोन ओळी की दोन पानं.

पाटीपेन्सिल

खडूस, तुम्ही आता अधिकृतपणे माझ्या बाजूचे. लाल शाई आपणच आपल्याला द्यायची, हे मला हवं होतं ते उत्तर.

झेरॉक्स

आणि एवढं करूनही पहिल्या सेमिस्टरला आपटलं तर?

आकडेमोड

तर गुणाकार करायचा. आठ सेमिस्टर, प्रत्येकाचे क्रेडिट सारखे असं समजा. पहिल्यात दहापैकी ६, पुढच्या सातांत ८ मिळाले तर शेवटी ७.७५. पाव गुणाचा खड्डा, बस्स.

मात्र खड्डा कुठे पडलाय ते बघा, कारण क्रेडिट सारखे नसतात. समजा गणित ४ क्रेडिट आणि श्रेणी ६, भौतिक ४ आणि ७, प्रोग्रामिंग ४ आणि ८, भाषा २ आणि ९, प्रॅक्टिकल २ आणि ९. बेरीज १२०, भागिले १६, म्हणजे ७.५. आता भाषेत रात्रंदिवस राबून ९ चे १० केले तर सरासरी ०.१२५ ने वाढते. गणितात ६ चे ७ केले तर ०.२५ ने. मुलं मात्र आवडत्या विषयात ९ चे १० करण्यात रमतात.

आणि बॅकलॉग राहिला असेल तर फेरपरीक्षेची तारीख, अर्जाची मुदत आणि अंतर्गत गुण तसेच पुढे धरतात की नव्याने द्यावे लागतात, या तीन गोष्टी निकालाच्याच आठवड्यात कार्यालयातून लेखी घ्या. लेखी परीक्षेत वेगळं पास व्हावं लागतं का तेही विचारा. अंतर्गत ३० पैकी २८ घेऊन निर्धास्त बसलेले आणि लेखीत वेगळ्या पासिंगने अडकलेले दर वर्षी निघतात.

झेरॉक्स

लेखी म्हणजे कार्यालयातून सही-शिक्का?

आकडेमोड

नियमपुस्तिकेतल्या त्या पानाची प्रत पुरे. आता तरी आयडीचा उपयोग करा.